आक्काची पाखरं आणि माझा प्रोग्राम

बाळांनो,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू गेम खेळतेस का?" माझ्या मागे टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर निळ्या-तांबड्या रेघा दिसत होत्या. मी म्हटलं, गेम नाही, ती एका शेतातली पाखरं आहेत. तुम्ही दोघं हसलात, आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. उत्तर अर्धंच राहिलं.

आता ते पूर्ण लिहून काढते आहे, त्याला दोन कारणं आहेत. या दसऱ्याला आक्काने आपल्या शेतातले सापळे उतरवले, म्हणजे ते काम संपलं. काम चालू असताना त्याच्याबद्दल लिहायला मला आवडत नाही. पुढे काय निघेल ते ठाऊक नसतं. दुसरं कारण मोठीचं. तिला शाळेत प्रोग्रामिंग शिकवतात आणि ते तिला रटाळ वाटतं. मलाही पहिले पंधरा दिवस तसंच वाटलं होतं. सोळाव्या दिवसापासून काय झालं, ते सांगते.

आक्का म्हणजे आदिलाबादजवळच्या जैनथ मंडलात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेजवळच्या एका गावातली शेतकरीण. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण गावात सगळेच तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ती मला मॅडम म्हणते. मी आदिलाबादच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींना एक प्रकल्प करायचा होता, आणि त्यासाठी आम्ही तिच्या कपाशीत तीन सापळे लावले.

हे सापळे उंदरांचे नव्हेत. काठीला टांगलेलं प्लास्टिकचं नरसाळं आणि त्याखाली एक लांब पिशवी, एवढंच. नरसाळ्यात मादीच्या वासाची छोटी गोळी असते. रात्री त्या वासाला भुलून नर पाखरू येतं आणि पिशवीत पडतं. सकाळी पिशवी सोडायची, पाखरं मोजायची, पिशवी पुन्हा बांधायची. ही पाखरं गुलाबी बोंडअळीची. अळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते आणि बोंड बाहेरून अगदी चांगलं दिसतं. त्यामुळे अळी दिसायची वाट पाहिली तर उशीर होतो. पाखरं मोजली तर आधी कळतं.

मुलींना गुण मिळाले, प्रकल्प संपला, मी निवृत्त झाले. आक्का मात्र मोजत राहिली. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाली, "सवय लागली मॅडम. चहा पेल्यावानी झालं आता. अन पाखरं वाढली की मले शेजाऱ्याच्या आधी समजते, ते काय कमी हाय?"

ती चौथीपर्यंत शिकलेली. चाळीस पानी वहीत तारीख आणि तीन आकडे, असं ती रोज लिहायची. संक्रांतीच्या सुमाराला हंगाम संपला की वही घेऊन आदिलाबादला यायची. मी ती माझ्या जाड रजिस्टरात उतरवून घ्यायचे आणि वही तिला परत द्यायचे. माझं रजिस्टर तुम्ही पाहिलेलं आहे, लाल कडेचं. पट्टीने आखलेल्या रेघा, एका शाईने एका उंचीचे आकडे. आम्ही हैदराबादला एम.एस्सी.ला होतो तेव्हा आमच्या बाई रिकामा खाना दिसला की पूर्ण पान परत करायच्या. मीही पुढे तीस वर्षं तेच केलं. तक्त्यात रिकामा खाना म्हणजे निष्काळजीपणा, हे मी इतक्या वेळा बोलले आहे की माझ्या काही विद्यार्थिनी अजून माझी नक्कल करताना तेच वाक्य म्हणतात.

अशा नऊ वह्या झाल्या, नऊ हंगाम.

गेल्या वर्षी पावसाळ्यात हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतल्या बाईंचा मला ईमेल आला. त्या वेगवेगळ्या गावांतल्या जुन्या नोंदी गोळा करत होत्या, बोंडअळी दरवर्षी केव्हा उठते ते पाहण्यासाठी. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून त्यांना आक्काबद्दल कळलं होतं. मी लगेच रजिस्टरातले आकडे लॅपटॉपवर तक्त्यात भरले. महिना गेला त्यात. फोनवर आक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, "मॅडम, पुऱ्या गावाले सांगितलं म्या. माझी पाखरं हैदराबादले चालली मनून. सरपंच हासून राह्यला, मने आक्का, पासपोट काढला का पाखरांचा?"

तीन आठवड्यांनी हैदराबादहून उत्तर आलं. बाईंनी सौम्य शब्दांत लिहिलं होतं, पण अर्थ सरळ होता. भर हंगामात, जेव्हा रोज तीसचाळीस पाखरं पडत होती, तेव्हा मध्येच एखाद्या दिवशी तिन्ही सापळ्यांत शून्य, आणि दुसऱ्या दिवशी एकदम दुप्पट. हे दरवर्षी, पुन्हा पुन्हा. खऱ्या शेतात असं होत नाही. नोंदी घरी बसून लिहिल्या असाव्यात असं वाटतं. दोन महिन्यांत याचा खुलासा झाला नाही तर हे शेत अभ्यासातून वगळावं लागेल, आणि वगळण्याचं कारण नोंदींवर लिहावं लागेल.

मी तो ईमेल तीनदा वाचला. मग रजिस्टर काढलं. शून्यं होती. माझ्याच हस्ताक्षरात, एका उंचीची, सुबक.

खरं सांगायचं तर मला आक्काचा संशय आला. वाटलं, कधी ताप असेल, कधी पाहुणे असतील. नऊ वर्षं रोज पहाटे दवात कोण जाणार? एखाद्या दिवशी शून्य टाकून मोकळी झाली असेल. पण मग दुसऱ्या दिवशी दुप्पट कशाला लिहील? खोटं लिहिणारा माणूस कालच्यासारखंच आज लिहितो, तो उड्या मारत नाही. हे मला कळेना, आणि जे कळत नाही ते मला सोडवत नाही.

दरवर्षीचे एकशेवीसच्या आसपास दिवस, तीन सापळे, नऊ हंगाम. एवढे आकडे डोळ्यांनी चाळून काही दिसत नव्हतं. हैदराबादच्या बाईंनी सहज लिहिलं होतं, की त्या हे सगळं "आर" नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत तपासतात. एका अक्षराचं नाव असलेली भाषा! मी ठरवलं, आपणही शिकायची. सत्तरीला आलेली बाई, हातात दोन महिने.

जीवशास्त्राच्या लोकांसाठी असलेले इंग्रजीतले धडे इंटरनेटवर फुकट मिळतात. रोज सकाळी देवपूजेनंतर जेवणापर्यंत मी ते करायचे. शेजारी वही, प्रत्येक आज्ञा वहीत लिहायची, तिच्यासमोर तिचा अर्थ. पहिल्या दिवशी एका तासात एकोणीस वेळा लाल अक्षरांत चूक आली. स्तंभाचं नाव मी मोठ्या अक्षराने ठेवलं होतं आणि नंतर लहान अक्षराने लिहिलं, तर प्रोग्रामने ओळखच दाखवली नाही. बेडकाचं विच्छेदन करताना एखादी शीर तुटली तर बाकीचा बेडूक तरी दिसतो. इथे एक स्वल्पविराम राहिला की काहीच दिसत नाही.

तुमचे आजोबा पेपर वाचता वाचता विचारायचे, "आज किती वेळा रागावला तो तुझ्यावर?"

"अकरा."

"म्हणजे सुधारणा आहे."

पंधराव्या दिवशी मी सगळा तक्ता आत घेतला आणि पाखरांचा आलेख काढला. पडद्यावर रेघ आली. मी आजोबांना हाक मारली. ते चष्मा वर करून म्हणाले, "कोणाच्या हृदयाची पट्टी आहे ही? याला दवाखान्यात घेऊन जा."

खरंच काहीतरी बिघडलेलं होतं. रेघ मार्च महिन्यात उंच जात होती. मार्चमध्ये आमच्याकडे शेतात कपाशीच नसते, पाखरं कुठून येणार? तासभर डोकं धरून बसले, मग लक्षात आलं. तीन ऑक्टोबर म्हणून मी तीन, मग दहा लिहिलं होतं, आणि माझ्या चुकीच्या आज्ञेमुळे प्रोग्राम त्याला दहा मार्च समजत होता. तेरा तारखेपासून पुढच्या तारखा तर त्याला महिना म्हणून वाचताच येईनात, कारण तेरावा महिना नसतो. तिथे त्याने एक खूण टाकली होती. धड्यात तिचा अर्थ दिला होता: इथे काय आहे ते मला माहीत नाही.

मला ते आवडलं. यंत्राने "माहीत नाही" म्हणावं, आणि म्हणून थांबावं. शून्य म्हणू नये, अंदाज करू नये. मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या. पण तेव्हा त्याचा आणि माझ्या रजिस्टराचा काही संबंध आहे, हे डोक्यात आलं नाही.

सोळाव्या दिवशी तारखा सरळ झाल्या आणि नऊ हंगामांच्या नऊ रेघा एकाखाली एक उभ्या राहिल्या. आता ती शून्यं अगदी डोळ्यांत भरत होती. प्रत्येक रेघेत ठरावीक अंतरावर एक खड्डा, आणि खड्ड्यानंतर एक शेंडा. मी प्रोग्रामला सांगितलं, भर हंगामातली शून्यं तेवढी काढ, आणि एका शून्यापासून पुढच्या शून्यापर्यंत किती दिवस ते लिही.

एकोणतीस. तीस. एकोणतीस. तीस. तीस. एकोणतीस.

मी खुर्चीत सरळ झाले. मधे कुठे चार, कुठे अकरा असेही आकडे होते, पण पुन्हा पुन्हा एकोणतीस आणि तीस. चंद्राखेरीज एवढा नियम कोण पाळतं? मग मी एक छोटा हिशेब लिहायला शिकले: माहीत असलेल्या एका अमावस्येपासून दिवस मोजायचे आणि चांद्रमासाने भागून बाकी घ्यायची. माझा हा प्रोग्राम सात ओळींचा होता. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला, बरोबर होता. आणि शून्यांपुढे तो लिहीत गेला: अमावस्या, अमावस्या, अमावस्या.

त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही. पाखरांवर चांदण्याचा परिणाम होतो, हे आम्ही शिकवायचो. आमच्याकडचे शेतकरी तर सांगतातच, की अमावस्येला पाखरं जास्त येतात आणि अंडी घालतात. फवारणीसुद्धा तो दिवस पाहून करतात. आणि इथे नऊ वर्षांच्या नोंदी नेमकं उलट सांगत होत्या: अमावस्येला एकही पाखरू नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट. म्हणजे त्या रात्री नर उडतच नाहीत? की वास ओळखत नाहीत? मी दोन पानं भरून तर्क लिहिले. हैदराबादला ईमेलही लिहून ठेवला, "नोंदी खोट्या नाहीत, हा चंद्राचा परिणाम आहे." पाठवायचा तेवढा बाकी होता.

आजोबांनी तो वाचला. "आक्काला विचारलंस?"

"तिला यातलं काय कळणार? हे आकडेवारीचं काम आहे."

"आकडे तिचे आहेत ना?" एवढंच म्हणून ते पुन्हा पेपरात गेले.

हे वाक्य मला लागलं, म्हणून ईमेल न पाठवता दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मी जैनथची बस पकडली. तिथून ऑटोने गावात. कापूस फुटला होता. आक्का कमरेला ओटी बांधून वेचत होती. मला पाहून बांधावर आली.

"या मॅडम. मशीन घेऊन आल्या, म्हंजे काई तरी खुसपट काढलं असंल तुमी."

"खुसपट नाही, शोध लावलाय. तू मला एक सांग, अमावस्येला सापळ्यात पाखरं येत नाहीत, हे तुझ्या कधी लक्षात आलं?"

"येत असतीन की. मले काय मालूम?"

"म्हणजे? मोजतेस तर तूच."

आक्का माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी काही बालिश बोलले. "अवं मॅडम, अमोशेले मी वावरात जाते कुठं? बैलबी उभे राह्यते त्या दिवशी. आमच्या घरचं कोनीच वावरात पाय नाई टाकत. सासूच्या वेळेपासून हाय ते."

शेतात दोन बाया वेचत होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, "शिकलेल्या मानसाले येवढंबी मालूम नाई का वो?"

मला ते माहीत होतं, बाळांनो. या जिल्ह्यात जन्म गेला माझा. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, बरीच घरं शेतात जात नाहीत, हे मला माहीत होतं. पण ते एका कप्प्यात होतं आणि रजिस्टर दुसऱ्या कप्प्यात.

मी विचारलं, "मग त्या दिवशी तू शून्य का लिहिलंस?"

आक्काचा चेहरा बदलला. "मी? मी शून्य तवाच लिहिते, जवा पिशवी सोडून पायते अन आत काई नसते. गेलीच नाई त शून्य कायचं लिहीन?"

आम्ही तिच्या घरी गेलो. तिने बियाण्याच्या पेटीतून वह्या काढल्या. मी अमावस्येची तारीख शोधली. तारीख लिहिलेली होती, पुढे तिन्ही खाने कोरे. पुढच्या महिन्यात तसंच. मधे कुठे तिच्या भाचीचं लग्न होतं तिथे चार दिवस कोरे. एकदा सापळे डुकरांनी पाडले तेव्हा दोन दिवस कोरे. चौथी शिकलेल्या बाईने जे माहीत नाही ते कोरं सोडलं होतं. शून्यं मी भरली होती, उतरवून घेताना, रिकामा खाना बरा दिसत नाही म्हणून. नऊ वर्षं. आणि दुसऱ्या दिवशीची दुप्पट पाखरं म्हणजे दोन रात्रींची पाखरं, एवढंच.

मी तिला सगळं सांगितलं. हैदराबादच्या बाई काय म्हणाल्या तेही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "शून्य भरले तुमी, अन खोटी पडले मी?"

"हो."

"अन तुमालेबी तसंच वाटलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "काही दिवस वाटलं."

आक्का उठून आत गेली. मी ओसरीवर वह्या मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ गेला. वाटलं, ती बाहेर येणार नाही, मला आपणच उठून ऑटो पाहावा लागेल. मग ती चहाचे दोन कप घेऊन आली आणि एक माझ्यासमोर ठेवला.

"साखर कमी टाकली. गोड पाजायचं मनच नाई झालं तुमाले."

"चालेल."

"चालेल नाई. दाखवा मले, त्या मशीनमंदी कशी दिसतेत माझी पाखरं."

मी लॅपटॉप उघडला. डावीकडून उजवीकडे दिवस जातात, वर गेली रेघ म्हणजे पाखरं वाढली, एवढं सांगितलं. ती पदराने हात पुसून पडद्याजवळ वाकली. चौथ्या हंगामाच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "हे दसऱ्याचं पानी व्हय. तीन दिवस उघाडच नव्हती." मी वही काढून पाहिलं; समासात तिने "पानी" लिहिलेलं होतं, जे मी कधी उतरवून घेतलं नव्हतं. मग तिने विचारलं, "हा तांबडा कोनचा सापळा?" तिसरा, मी म्हटलं, त्यात पाखरं नेहमीच लवकर येतात. त्याचं कारण मी दोन दिवस शोधत होते, वाऱ्याची दिशा, उतार, काय काय. ती म्हणाली, "येतीनच. त्याच्या बाजूले दिराची पऱ्हाटी रचेल राह्यते ना सालभर." पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या. अळी त्यातल्या बोंडांत झोपून राहते आणि पुढच्या हंगामाला तिथूनच उठते. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं होतं. तो ढीग मात्र मी पाहिला नव्हता.

आम्ही तासभर असंच बसलो. तिचा राग गेला होता असं नाही. तो ती मधून मधून काढत होती. "इथं काय भरलं तुमी? इथंबी शून्य? वा." पण ती पुढची रेघ दाखवा म्हणत होती.

मग मी वह्या मोजल्या. पेटीत सहाच होत्या.

"आक्का, बाकीच्या तीन?"

"पहिल्या तीन ना? जाळल्या म्या चुलीत. पिवळ्या पडल्या व्हत्या, कसर लागली व्हती." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तुमच्याजवळ पक्कं लिहेल हाय, मनून जाळल्या."

मी आहेत त्या वह्या लॅपटॉपशेजारी पिशवीत घातल्या.

संध्याकाळच्या बसने सहा वह्या घेऊन घरी आले. आजोबांना सांगितलं. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांनी आपल्या दफ्तरातूनच उत्तर दिलं. "आमच्या पीक-पहाणीत खाना रिकामा असेल तर पटवारी गेला नाही. सिफर, म्हणजे शून्य, असेल तर गेला, पाहिलं, पीक नाही. या दोन्हींची गल्लत केली असती तर नोकरी गेली असती."

"आणि माझी?"

"तुझी पेन्शन चालू आहे. तुला आता कोण काढणार?"

पुढचा महिना मी सहा वह्या पहिल्यापासून पुन्हा भरल्या. जिथे कोरं तिथे कोरं. खरी शून्यं होती तिथे शून्य. प्रोग्राम कोऱ्या जागी आपली "माहीत नाही"ची खूण टाकत गेला. एक नवा स्तंभ केला, त्याचं नाव "रात्री": पिशवी किती रात्रींनी सोडली, एक की दोन की पाच. मला मोह झाला होता, की दुप्पट आकडा अर्धा करून दोन दिवसांत वाटून टाकावा, म्हणजे रेघ छान दिसेल. वहीवर हात ठेवून तो मोह आवरला. दोन रात्रींची पाखरं दोन रात्रींचीच राहिली. प्रोग्राम त्यांना दोनने भागून सरासरी तेवढी दाखवतो. खड्डे गेले, शेंडे गेले. रेघ आता शेतातल्यासारखी दिसू लागली, हळूहळू चढणारी, पावसाने मोडणारी.

गंमत अशी, की अमावस्येला पाखरं खरंच वाढतात का, हे मला अजून माहीत नाही. ज्या रात्रीबद्दल सगळा जिल्हा बोलतो, तीच रात्र आमच्या नोंदीत कधी एकटी सापडत नाही. ती नेहमी शेजारच्या रात्रीत मिसळलेली असते. मी आक्काला फोनवर विचारलं, यंदा एकदा तरी अमावस्येला जाशील का, शास्त्रासाठी? ती म्हणाली, "तुमी या अन तुमीच मोजा. तुमाले अमोशा कुठं लागते." मी दोनदा गेले. दोन दिवसांवरून काही ठरत नाही.

पहिल्या तीन हंगामांसाठी मी बरीच धडपड केली. अमावस्या कोणत्या ते प्रोग्रामला माहीत आहे. मग त्या दिवशीची शून्यं कोरी करून टाकली तर? हैदराबादच्या बाईंनी विचारलं, आणि लग्नाची, आजारपणाची, डुकरांची? ती कोणती, आणि खरी शून्यं कोणती, हे कशावरून ओळखणार? त्यांचं बरोबर होतं. वह्या नव्हत्या आणि माझ्या रजिस्टरात सगळी शून्यं सारखीच सुबक होती. ते तीन हंगाम वगळले गेले. कारणाच्या जागी त्यांनी विचारून माझं वाक्य घातलं: नक्कल करणाऱ्याने कोऱ्या जागा भरल्या, मूळ नोंदी उपलब्ध नाहीत. मोजणाऱ्या बाईवर त्यात एक अक्षर नाही. आक्काला मी ते वाचून दाखवलं. "नक्कल करनारी कोन, ते लिहिलं का?" तिने विचारलं. म्हटलं, लिहिलं आहे, माझं नाव आहे. "मंग ठीक हाय."

सहा वह्या मी तिला परत देऊ केल्या, तिने घेतल्या नाहीत. गेल्या हंगामाची दहावी वही तिने जानेवारीत आणून दिली. त्यात एकही खाना कोरा नाही. मी मोजलं ते दोन दिवस सोडून, अमावस्येसमोर तिने तिन्ही खान्यांवरून एकच ओळ लिहिली आहे: गेली नाई. ती मी जशीच्या तशी भरली.

यंदा तिचे गुडघे चालत नाहीत आणि शेतात सोयाबीन आहे. म्हणून सापळे उतरले.

शिल्लक आहे ते असं: सात वह्या, माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात. त्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो, इथे आणि हैदराबादला. एकशे चौदा ओळींचा एक प्रोग्राम, जो अजून चालतो. आणि सात हंगामांच्या नोंदी, मोजणारीच्या नावाने.